येतो म्हणणारं गाव

एका गावात एक कासारीण होती. पण तिची गोष्ट सांगायची, तर आधी त्या गावाच्या तोंडाची गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

गाव तसं चांगलं. खाऊनपिऊन सुखी. भांडणतंटा नाही, चोरीमारी नाही. फक्त बोलण्याच्या बाबतीत महासोवळं. अभद्र शब्द म्हणून तोंडातून काढायचा नाही. दिवा विझला असं कुणी म्हणत नसे, दिवा मालवला म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढली म्हणायचं. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. आता हे तुमच्याआमच्या घरीही थोडंफार चालतं आणि त्यात वाईट काही नाही. पण या गावानं त्याचा अगदी कळस केला होता. तिथं मडकं वाढायचं, कौल वाढायचं, पडून कुणाचं डोकं फुटलं तर तेही वाढायचं. परगावचा वैद्य आला की त्याला औषधाआधी भाषा शिकावी लागायची.

आणि सगळ्यांत मोठा शब्द होता 'जातो'. माणूस मेला की तो गेला म्हणतात, म्हणून जित्याजागत्या माणसानं 'जातो' म्हणायचं नाही. पाहुणा उठला की म्हणायचा, 'येतो.' लेक सासरी निघाली की म्हणायची, 'येते.' शेजारी मीठ मागायला आला आणि मीठ घेऊन निघाला, तरी 'येतो' म्हणूनच निघायचा. 'जातो' हा शब्द गावात कुणी उच्चारलेला कुणाला आठवत नव्हता.

या गावाच्या डोक्यावर एक तळं होतं. कुणा वाडवडिलांनी ओढा अडवून मातीचा बांध घातला होता. त्या तळ्यावर गावाची शेतं पिकत, विहिरींना पाणी राही. बांधाच्या अगदी पायथ्याशी खालची आळी होती. तिथं साळी राहत, दिवसभर त्यांच्या मागांची खटखट चाले. आमच्या कासारणीचं घरही तिथंच.

मातीच्या बांधाला वर्षातून एकदा माणसाचा हात लागावा लागतो, नाहीतर घुशी बिळं करतात आणि पाणी वाट शोधतं. म्हणून जुनी रीत अशी होती, की दर फाल्गुनात घरटी एक माणूस आणि एक पाटी बांधावर यायची. याला ते बांधाची सावड म्हणत. दिवसभर माती टाकायची, चोपायची आणि दुपारी बांधावरच पिठलंभाकरी खायची. पाटील असो नाहीतर पाटलाचा गडी, पंगत एकच.

ही सावड बंद पडली. बंद कुणी केली नाही बरं का, ती आपोआप पडली. एका वर्षी दवंडी झाली तेव्हा वाणी म्हणाला, "तुम्ही व्हा पुढं, येतो." पण दुकानात गिऱ्हाईक होतं, ते राहून गेलं. पुढच्या वर्षी शिंपी म्हणाला, "येतो," आणि वाणी आला नव्हता हे त्याला ऐन वेळी आठवलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाटीलच म्हणाले, "येतो." मग काय विचारता. 'नाही' असं कुणीच म्हटलं नाही, कारण तोंडावर 'नाही' म्हणणंही अभद्रच की. शिवाय 'येतो' म्हणजे 'निघतो' असाही अर्थ होतो, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नव्हतं. मोठा सोयीचा शब्द सापडला होता गावाला.

बांधाच्या एका टोकाला सांडवा होता. तळं भरलं की जादाचं पाणी ज्या वाटेनं निघून जातं, ती ही वाट. पाऊसमान कमी झालं तशी सांडव्यातून पाणी वाहेना. मग पाटलांनी त्याच्या तोंडावर दगडी भिंत घातली आणि आत गुरं बांधायला वाडगा केला. गावानं पाहिलं. पण 'उद्या पाणी भरलं तर' असं म्हणणार कोण? तेही अभद्र.

आता कासारीण. तिचं नाव ठकू. काचेच्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन ती घरोघर फिरायची. गावातल्या प्रत्येक बाईचा हात तिला ओळखीचा होता. कुणाचा हात मऊ, कुणाचा आडमुठा, कुणाच्या आंगठ्याचं हाड आडवं येतं, सगळं पाठ. तोंडानं गोड आणि गप्पांना तयार, त्यामुळे ठकू आली की अंगणात बायका जमायच्या.

हिचा नवरा तरुणपणीच वारला होता. तेव्हा ती टोपली कोपऱ्यात ठेवून बसली होती. एवढं शब्दाला जपणारं गाव, ते विधवेच्या हातून बांगड्या कशाला भरून घेईल, असं तिला वाटलं. माहेरी जायचं तिनं ठरवलं होतं. पण तेव्हाच्या म्हाताऱ्या पाटलीणबाई आपण होऊन खालच्या आळीत उतरल्या, ठकूच्या ओट्यावर बसल्या आणि हात पुढं केला. म्हणाल्या, "भर. आमच्या बांगड्या तूच भरायच्यास." त्यांच्यामागून सारं गाव आलं. ठकू त्या दिवशी बांगड्या भरता भरता रडली होती.

म्हणून तिचा जीव या गावावर होता. माणसं पाटी घेऊन परत बांधावर यावीत, एका पंगतीला बसावीत, एवढीच तिची इच्छा होती. दर फाल्गुनात ती दारोदार आठवण करायची. दारोदार तिला गोड उत्तर मिळायचं, "येतो गं, तू हो पुढं." आणि ती बिचारी पुढं व्हायची. साळ्यांच्या चार माणसांबरोबर दिवसभर माती टाकायची आणि संध्याकाळी म्हणायची, "पुढच्या वर्षी येतील."

अशी वर्षं गेली. मग एका साली नवरात्राच्या तोंडावर परतीचा पाऊस आला तो हटेचना. तळं काठोकाठ भरलं. बांधाच्या आतल्या अंगाला एक शेंदूर लावलेला, नाकडोळे कोरलेला उभा दगड होता, त्याच्या पायाशी कधी पाणी लागलं नव्हतं. त्या सकाळी पाणी त्याच्या कमरेला आलं.

ठकू तेव्हा पाटलांच्या घरी होती. घट बसायचे म्हणून धाकट्या पाटलीणबाईंना नव्या बांगड्या भरायच्या होत्या. म्हाताऱ्या पाटलीणबाईंची ही सून. सासूबाई आता नव्हत्या. सोप्यात पाटील पानाचा डबा उघडून बसले होते. इतक्यात तळ्याचा राखणदार अंगणात येऊन उभा राहिला. डोक्यापासून पायापर्यंत निथळत होता.

"काय रे?" पाटील म्हणाले.

राखणदारानं देवघराकडं पाहिलं. तिथं घटाची मांडणी चालली होती. अशा घरात उभं राहून 'फुटतोय' म्हणायचं कसं? तो हळूच म्हणाला, "पाटील, बांध वाढायला लागलाय."

"वाढू दे की," पाटील सुपारी कातरत म्हणाले. "मी म्हणतच होतो, दोन हात उंच पाहिजे होता."

"तसा नव्हे, पाटील. जास्तच वाढायला लागलाय."

"मग उत्तमच झालं. हे पान घे."

पाटलांना दुसरा अर्थ कळला नसेल, असं तुम्हाला वाटतं का? जन्म त्याच गावात गेलेला. पण दोन अर्थांतला सोयीचा अर्थ उचलायची सवय एकदा लागली, की कान आपोआप तोच उचलतात. शिवाय बांध फुटतोय म्हटलं की सांडव्यावरच्या भिंतीची गोष्ट निघणार, हेही त्यांना माहीत होतं.

आत ठकूच्या हातून पाटलीणबाईंच्या मनगटावर बांगडी कडकन पिचली. "वाढली गं," पाटलीणबाई हळूच म्हणाल्या. ठकूनं काचा गोळा केल्या, टोपली झाकली आणि ती तशीच राखणदाराच्या मागं धावली. वेशीजवळ तिनं त्याला गाठलं.

"नीट सांग. वाढला म्हणजे काय?"

राखणदार इकडंतिकडं बघून म्हणाला, "आक्का, पायथ्याला पाझर लागलाय. काल नितळ होता, आज गढूळ झालाय. माती वाहून यायला लागली. दिवस मावळायच्या आत माती पडली नाही, तर खालची आळी राहत नाही."

खालच्या आळीत तेव्हा कोण होतं? म्हातारा साळी होता, त्याचे माग होते, सणाची लुगडी मागावर चढवलेली होती. त्याची सून नुकतीच बाळंत झालेली, खाटेवर लेकरू घेऊन पडलेली. टोपली तिथंच देवळाच्या पायरीवर ठेवून ठकू पहिल्या दारात गेली.

शिंपी मशीन चालवत होता. "दादा, बांध फुटायला आलाय. पाटी घ्या आणि चला," ठकू म्हणाली.

शिंप्याचा पाय थांबला. "अगं, शुभ बोल. सणासुदीचे दिवस आहेत."

"शुभ बोलायला वेळ नाही. येता का?"

"येतो ना. एवढी चोळी उतरली की आलोच. तू हो पुढं."

वाणी म्हणाला, "येतो, गिऱ्हाईक उरकलं की. तू हो पुढं." तेली म्हणाला, "बैल सोडतो आणि येतो." कुणी जेवायला बसलं होतं, कुणी जेवून आडवं व्हायच्या बेतात होतं, पण सगळे गोड बोलले. पाटलांच्या घरीही ती परत गेली. पाटील म्हणाले, "येतो. गड्यांनाही सांगतो. तू हो पुढं." गावात असं एक दार राहिलं नाही, जिथून तिला 'येतो' मिळालं नाही. ठकू पावसात पळत बांधाकडं निघाली तेव्हा ती आनंदात होती, हे खरं वाटणार नाही, पण होती. तिला वाटलं, संकटानं का होईना, गाव एक झालं.

बांधावर साळी आणि त्याचे दोघे मुलगे दगडगोटे भरत होते. ठकूचा धाकटा भाऊ केरबाही बैलगाडी घेऊन आला होता. त्याचं गाव ओढ्याच्या पलीकडं. ओढ्याचं पाणी बघून त्याला बहिणीची काळजी लागली आणि तो तिला न्यायलाच आला होता. तोही कंबर कसून मातीत उतरला.

"किती जण येतायत, आक्का?" त्यानं विचारलं.

"सगळे," ठकू म्हणाली.

मग त्यांनी माती टाकायला सुरुवात केली. एक पाटी टाकावी आणि गावाच्या वाटेकडं बघावं. दुसरी टाकावी आणि बघावं. वाट रिकामीच. पायथ्याचा पाझर आधी करंगळीएवढा होता, तो मनगटाएवढा झाला. पाणी शेंदराच्या दगडाच्या छातीला लागलं. खालून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि त्यापलीकडं घराघरातून जेवणाचा धूर निघत होता.

दुपार उतरली तेव्हा वाटेवर इरलं घेतलेलं एक माणूस दिसलं. ठकूनं पाटी खाली टाकली आणि म्हणाली, "बघ, आले." पण तो राखणदार होता, एकटाच. मागं कुणी नाही.

"मी परत सगळीकडं फिरून आलो," तो धापा टाकत म्हणाला. "सगळे येतो म्हणालेत."

केरबानं कपाळाला हात लावला. इतकी वर्षं जी गोष्ट ठकूला समजत नव्हती, किंवा ती समजून घेत नव्हती, ती त्या एका वाक्यानं तिच्या पदरात पडली. ही माणसं तिला येतो म्हणत नव्हती. तिचा निरोप घेत होती. दर फाल्गुनात, प्रत्येक दारात, गोड बोलून तिला वाटेला लावत होती.

"आक्का, चल आता," केरबा म्हणाला. "बाळंतिणीला, म्हाताऱ्याला गाडीत घालू. बसतील तेवढे नेऊ. माझं घर आहे ना तुला."

म्हातारा साळी म्हणाला, "माणसं गाडीत बसतील रे. माग कुठं बसवू?" आणि तो मातीच टाकत राहिला.

ठकूनं हात धुतले. "येते मी," असं म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं, पण ते तिनं मिटलं. मग म्हणाली, "गाडी जुंप. बाळंतिणीला नीट बसव. मी निरोप घेऊन आले, की निघू."

"आत्ता? पाणी काय तुझ्या निरोपासाठी थांबणार आहे?"

"न थांबो. या गावानं मला एकदा हात दिलाय. तोंड न दाखवता नाही निघणार."

ती गावात शिरली ती पहिल्यांदा शिंप्याच्या दाराशी उभी राहिली. चोळी अजून उतरली नव्हती. शिंपीण आतून आली. "अगबाई, केवढी भिजलीस. ये, बस."

"बसत नाही वहिनी. जाते."

मशीन थांबलं. शिंपिणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय म्हणालीस?"

"जाते."

"येते म्हण, ठके. असं नाही म्हणू." शिंपिणीचा आवाज बारीक झाला होता. "तू काय कायमची थोडीच..."

"कायमचीच. भाऊ गाडी घेऊन आलाय." ठकू चिडली नव्हती, रडतही नव्हती. थकली होती. "येतो म्हणणारं कुणी आलं नाही, वहिनी. मग मी येते म्हणून कशी निघू? तुमच्या तोंडी त्या शब्दात काही उरलंच नाही. म्हणून मी आपलं खरं ते बोलते. जाते."

तिनं शिंपिणीचा हात हातात घेतला, बांगड्या भरताना घ्यायची तसा, जरा दाबला आणि सोडला. मग ती वाण्याच्या दारात गेली. तिथंही तेच म्हणाली. तेल्याच्या दारात तेच. प्रत्येक दारात बाईचा हात घ्यायचा, दाबायचा आणि म्हणायचं, "जाते." दुसरं काही मागितलं नाही. बांधाचं नावसुद्धा काढलं नाही.

गावाच्या कानांना हा शब्द सोसेना. लहानपणापासून ज्याला घाबरले, तो शब्द भर दिवसा घरोघर उंबऱ्यावर येऊन उभा राहत होता. शिंपीण आधी दारात नुसती उभी होती. मग ती पायरी उतरली. मग ठकूच्या मागून चालायला लागली. वाणीण निघाली, तेलीण निघाली. कुणी कुणाला बोलावलं नाही. ठकूला मागं पाऊल वाजल्याचं कळत होतं, पण तिनं वळून पाहिलं नाही. आता तिला कुणाच्या येण्याची आशा करायची भीती वाटत होती.

शेवटचं दार पाटलांचं. पाटील सोप्यातच होते. पाटलीणबाई बाहेर आल्या. सकाळी भरलेल्या बांगड्या त्यांच्या हातात होत्या, एक कमी.

"जाते, पाटलीणबाई," ठकू म्हणाली.

पाटील एकदम उठले. "ठकूबाई, घरात घट बसलेत. उंबऱ्यावर हे अभद्र कशाला?"

"अभद्र बोलले मी, पाटील, खरंय," ठकू म्हणाली. "पण मी नुसतं बोलले."

पाटलीणबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, ठकूमागं भिजत उभ्या असलेल्या बायकांकडं पाहिलं. याच ठकूच्या ओट्यावर आपली सासू हात पुढं करून बसली होती, हे त्यांना लग्न होऊन आल्यापासून सगळ्यांनी सांगितलेलं होतं. त्यांनी पदर खोचला, गोठ्यातली शेणाची पाटी उचलली आणि उंबरा ओलांडला.

"येते," त्या म्हणाल्या.

"कुठं निघालीस?" पाटलांनी विचारलं.

"निघाले नाही. बांधावर येते म्हणून हिला सांगतेय."

त्या दिवशी गावात 'येते' या शब्दाचा खरा अर्थ पुष्कळ वर्षांनी ऐकू आला. बायका आपापल्या घरात शिरल्या आणि पाट्या, घमेली, सुपं, जे मिळेल ते घेऊन बाहेर पडल्या. मग पुरुषांना घरात बसवेना. शिंपी चोळी टाकून आला. वाणी दुकान उघडं सोडून आला आणि येताना गोणपाटाची सगळी पोती घेऊन आला. तेल्यानं बैल आणले.

पण उशीर फार झाला होता. पाझर आता मांडीएवढा जाड वाहत होता. बांधाच्या पाठीवर एक भेग पडली होती, तिच्यात हात जात होता. माणसांची रांग लागली, हातातून हातात पाट्या जाऊ लागल्या. माती पडत होती आणि पाणी ती नेत होतं. शेंदराच्या दगडाचं आता कपाळच तेवढं वर होतं. काचेचा बारीक आवाज सारखा येत होता, कारण बायकांच्या बांगड्या पाट्यांच्या काठावर आपटून एकेक करून फुटत होत्या आणि त्यांच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती.

शेवटी साळ्यानं हातातली पाटी खाली ठेवली. "मातीनं भागणार नाही," तो म्हणाला. "पाण्याला वाट पाहिजे."

वाट कुठं होती, हे सगळ्यांना माहीत होतं. बांधाच्या त्या टोकाला, पाटलांच्या भिंतीखाली. सगळे भिंतीकडं बघायला लागले. पाटलांकडं कुणी बघितलं नाही. आणि पाटील तिथं होते. बायकोमागून ते केव्हा आले, कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

भिंतीजवळ त्यांचा गडी पहार घेऊन उभा होता. "काय करायचं, पाटील?"

भिंतीआड वर्षभराचा कडबा होता. वाडगा त्यांनी स्वतः उभा राहून बांधून घेतला होता. पाटील म्हणाले, "गुरं सोडा." गुरं सोडली. मग ते म्हणाले, "भिंत..." आणि अडले. जन्मभराच्या सवयीनं तोंडात आलेला शब्द बाहेर पडला, "भिंत वाढवा."

गडी गोंधळला. पावसाचा आवाज, समोर चढतं पाणी, आणि पाटील म्हणतात वाढवा. "उंच करायची?" त्यानं विचारलं. दोघेतिघे तर खरोखरच दगड उचलायला वाकले.

त्या क्षणी भेगेतून मातीचं एक ढेकूळ निसटून खाली घरंगळत गेलं. खालून बाळंतीण बसलेल्या गाडीचे बैल हंबरले.

"फोडा," पाटील म्हणाले. मग जोरात म्हणाले, "फोडा रे. फोडा ती भिंत."

गडी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. तेव्हा पाटलांनीच त्याच्या हातून पहार घेतली आणि पहिला घाव घातला. मग वाण्यानं घातला, शिंप्यानं घातला. एक दगड हलला, दुसरा निघाला आणि तिसरा काढायची वेळ पाण्यानं येऊ दिली नाही. तळं त्या भगदाडातून धडाडून निघालं. कडबा गेला, वाडग्याचं छप्पर गेलं, गव्हाणी गेल्या. ते सगळं घेऊन पाणी जुन्या वाटेनं, आळीला वळसा घालून, ओढ्याला मिळालं.

लोक भेगेवर माती टाकतच राहिले. दिवस मावळायच्या सुमाराला शेंदराच्या दगडाचे डोळे दिसायला लागले, मग नाक, मग तोंड. पाझर पुन्हा करंगळीएवढा झाला. म्हातारा साळी मटकन चिखलात बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याच्या शेजारी वाणी बसला. नंतर हळूहळू सगळेच बसले, पाटील आणि गडी एकाच दगडावर.

ठकूनं आजूबाजूचे हात बघितले. तिनं भरलेली एकही बांगडी एकाही हातावर राहिली नव्हती. पाटलीणबाईंनी आपले चिखलानं माखलेले मोकळे हात पुढं केले. "सगळ्या फुटल्या बघ, ठकू," त्या म्हणाल्या. आणि तो शब्द आपल्या तोंडून गेलेला त्यांच्या लक्षातही आला नाही.

केरबा बैलांच्या कासऱ्याला धरून उभा होता. "आक्का, निघायचं ना?"

ठकूनं भावाकडं बघितलं, मग त्या हातांकडं. एवढे मोकळे हात टाकून कुठली कासारीण गाव सोडेल? ती म्हणाली, "केरबा, बाळंतिणीला तिच्या घरी उतरव. आणि तू हो पुढं. मी येते."

केरबाला हसू फुटलं. दिवसभरात तिथं कुणी हसलेलं ते पहिलंच. "येते म्हणजे यातलं कुठलं येते?"

"भाऊबीजेला येते," ठकू म्हणाली.

आणि ती भाऊबीजेला गेली. ओवाळून, जेवून परत आली.

पाटलांनी ती भिंत पुन्हा घातली नाही. फाल्गुनात दवंडी व्हायच्या आधीच बांधावर पाट्यांची रांग लागली आणि पंगतीला पिठलं कमी पडलं. गाव अजूनही बांगडी वाढली म्हणतं, दिवा मालवला म्हणतं, त्यात वाईट काही नाही. पण त्या गावात तुम्ही कधी गेलात आणि उठताना 'येतो' म्हणालात, तर घरधनी तुम्हाला उंबऱ्यावर थांबवून विचारतो, "निघायचं येतो, की यायचं येतो?" नीट उत्तर दिल्याशिवाय चप्पल घालू देत नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: तोंडून अभद्र शब्द निघाला म्हणून गाव बुडत नाही, दिलेला चांगला शब्द तोंडातच राहिला, की बुडतं.